नांदूरघाटचा अंगठा

वाचकहो, नांदूर नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, नांदूर शिंगोटे आहे. आज आपण जाणार आहोत ते बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचे नांदूरघाट. देवदर्शनाला किंवा हवापालटाला म्हणून कुणी इथे जात नाही. मीही गेलो तो एका सोयरिकीच्या कामाने, आणि परत आलो तो अंगठ्याचा विचार करीत.

केजच्या स्टँडवर एसटीत बसलो. दिवस पौषाचे. ज्वारी हुरड्यात आलेली, हरभरा घाट्यांवर, तुरीची काढणी उरकत आलेली. काळ्या रानाची पट्टी संपली की मुरमाड माळ, माळ संपला की पुन्हा काळे रान. बालाघाटाच्या या अंगाला सगळीकडे असेच. गाडीत जागा भरपूर होती. कंडक्टर म्हणाला, "टोळ्या गेल्यावर ह्या मार्गाला असंच असतंय. पाडव्याच्या पुढं बघा गर्दी."

गावात शिरलो आणि कंडक्टरच्या बोलण्याचा अर्थ कळला. चार दारे उघडी की पाचव्याला कुलूप. या भागातली तरणी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली लेकरे आणि चार शेरडे. मग या मागे राहिलेल्यांचा संसार चालतो कशावर? तुम्हाला हे सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी घरांत हेच चालू असेल. लेक तिकडून फोनवरून आईच्या खात्यात पैसे टाकतो आणि आई इकडे गावातच, बँकेची पायरी न चढता, केंद्रावर जाऊन अंगठ्याने ते काढते.

केंद्र म्हणजे एक गाळा. झेरॉक्सचे यंत्र, सातबाऱ्याचे उतारे, फोनचे रिचार्ज, आणि काडेपेटीपेक्षा थोडे मोठे ते अंगठ्याचे यंत्र. मी उतारा काढायला उभा होतो. पुढे एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. अंगठा ठेवला, यंत्राने घेतला नाही. पदराने पुसून ठेवला, नाही. केसांवरून फिरवून ठेवला, तरी नाही. घेईल कसा? आजींनी हात उलटा करून मला दाखवला. उभ्या जन्माची खुरपणी आणि तरणेपणी बांधलेल्या मोळ्या यांनी रेषा अशा झिजवल्या होत्या की अंगठा नुसता गुळगुळीत. ज्याने जास्त कष्ट केले त्याला हे यंत्र कमी ओळखते.

मग त्या पोराने जे केले ते मी मुद्दाम पाहून ठेवले. त्याने यंत्र बाजूला सारले, पडदा आजींकडे फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, दीड हजार टाकलेत. अजून निघालं नाही. आता मधलं बोट लावू." मधल्या बोटाने काम झाले. पैसे मोजून हातात दिले, यंत्रातून निघालेली चिठ्ठी वाचून दाखवली, आणि चिठ्ठीच्या मागे पेनाने ठळक आकडे काढले: दीड हजार काढले, इतके राहिले. चिठ्ठी आजींच्या चंचीत गेली.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? विशेष हे की माझ्या थोरल्या चुलतीच्या वाट्याला असा पोरगा आला नाही.

गाव दुसरे, जिल्हाही दुसरा. चुलती दोन हजार काढायला गेली. "काकू, अंगठा घेत नाही, पुन्हा दाबा." दाबला. "अजून एकदा." तोही दाबला. तिसऱ्यांदा पैसे मिळाले. चिठ्ठी मिळाली नाही. कागद संपलाय म्हणाला. चार महिन्यांनी पुतण्याने पासबुक भरून आणले तेव्हा त्या एका दिवशी दोन हजार दोनदा निघालेले दिसले. त्या यंत्राचा नियम साधा आहे: बँकेचे नाव, आधारचा क्रमांक, रक्कम, आणि मग बोट. बोट म्हणजे सही. जितक्या वेळा बोट, तितक्या वेळा सही; आणि सही लागली की नाही हे ज्याच्याकडे पडदा आहे त्यालाच दिसते.

पण वाचकहो, मला दोन हजारांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. चुलतीला संशय त्याच दिवशी आला होता. तिने चार महिने कुणाला सांगितले नाही. का? "अडाणी म्हणून पोरं हसतील. पुढच्या बारीला पैसेच टाकायची नाहीत माझ्याकडं." पुतण्या पासबुक घेऊन त्या माणसाकडे गेला, त्याने मुकाट दोन हजार काढून दिले आणि वर म्हणाला, चुकून झालं असंल. आम्ही तक्रार केली नाही. घरात आनंदीआनंद झाला, पैसे आले ना! तो माणूस त्याच गाळ्यात बसून आहे. पुढे किती काकूंना त्याने "पुन्हा दाबा" म्हटले असेल, या विचाराने मला अजून खजील व्हायला होते. तक्रार करायला हवी होती.

असो. नांदूरघाटला हे मी हॉटेलातल्या बाकावर चहा पिताना सांगितले, तर तिथे चांगली सभाच भरली. डोक्याला पटका बांधलेले एक आबा म्हणाले, "सावकाराचं घर तरी माहीत होतं. दारात जाऊन बसता येत होतं. ह्या फोनवाल्याचं दार कुठं हाय?" यावर एक तरणा गडी उसळला. "आबा, तलाठ्यामागं चकरा मारून चपला झिजवल्या त्या विसरला का? आता पंधरा रुपयांत सातबारा निघतो." त्याचेही खोटे नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून करायची सोय झाली. आपल्या मराठवाड्यात १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल मिळवायला ज्यांनी तहसिलीचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको. बीडला रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. फोन मात्र त्याच्या कितीतरी आधी वस्तीवस्तीवर पोचला.

चुलीपाशी भजी तळणारी बाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "खातं माझं, पैसे माझे. पण बँकेत नंबर दिराचा, आणि तो आकडा येतो त्याच्या फोनवर. मग मालकीण मी का तो?" बाकावरचे सगळे क्षणभर गप्प झाले. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये कित्येक घरांत प्रथमच बाईच्या नावावर येऊ लागले, आणि पुढे त्यासाठी आधारची पडताळणी आली तशी खोटी संकेतस्थळेही निघाली. अशा वेळी ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती खाते. दीर भला असेल तर ठीक. पण पैसे निघाल्याचा संदेश जिचे पैसे तिलाच कळत नसेल तर चोर घरातला काय नि बाहेरचा काय, तिला पत्ता लागायचा कधी? माझे मत विचाराल तर घरात एकच फोन असला तरी आईच्या खात्याला लागलेला क्रमांक कुणाचा आहे, हे आधी बघा. आणि संदेश आला की तो तिला वाचून दाखवण्याचे काम शाळेतल्या नातीवर सोपवा.

आबांचे ते सावकाराचे बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि हे लोण शेजारच्या नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यांनी माणसे मारली नाहीत. बहुतेक ठिकाणी त्यांनी सावकारांकडून कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. राग कागदावर होता. का, तर त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा लावणाऱ्याला वाचता येत नव्हते. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या कायद्यात फार मोलाच्या गोष्टी होत्या. कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर करायचा, त्याने तो कुळाला समजावून सांगायचा, आणि शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशोब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा कायदा आपल्यापर्यंत आला नाही. शेजारी नगरला होता, आपल्याला नव्हता.

आता विचार करा. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार दिले गेले. आधी अंगठा कागदावर उठत होता, आता काचेवर उठतो. पण वाचून दाखवा, पावती द्या, पुस्तकात भरा, या तीन मागण्या त्याच्या त्याच आहेत. त्या केंद्रावरच्या पोराने त्या न मागता पुऱ्या केल्या. सगळीकडे तसे होईल असे नाही, म्हणून मागायला लाज वाटू देऊ नका. पडदा आपल्याकडे फिरवायला सांगा. "घेतला नाही" म्हटले तर तसे लिहिलेली चिठ्ठी मागा आणि मगच दुसरे बोट पुढे करा.

अंगठ्यात आणखी एक मेख आहे. फोनचा गुप्त आकडा फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. कर्नाटकात २०२३ साली खरेदीखतांवरचे ठसे उचलून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघडकीला आले. यावर उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बोटांना कुलूप लावता येते आणि गरजेपुरते उघडता येते. मात्र कुलूप असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, हे ध्यानात ठेवा, नाहीतर तांदूळ न घेता परत यावे लागेल आणि शिव्या मला बसतील.

तरण्या गड्याला वाटत होते की फसतात ती म्हातारी. तेवढ्यात बाकावरच्या एकाने सांगितले, भावकीच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली, शेवटी 'एपीके' लिहिलेले, आणि ती उघडली ती कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने. अशी फाईल म्हणजे आपल्या हाताने चोराला घरात घेणे. ती बसली की आपल्याला येणारे संदेश, त्यातले गुप्त आकडे, चोराला दिसू लागतात. आणि मग आपल्याच नावाने ती फाईल आपल्या सोयऱ्यांना जाते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली हा काही दाखला नव्हे; पाठवणारा आधीच लुटला गेलेला असू शकतो. किसान सन्मानचा हप्ता खात्यात येतो, त्याला कुठली फाईल उघडावी लागत नाही. पैसे घ्यायला गुप्त आकडाही दाबावा लागत नाही. तो देण्यासाठीच असतो.

पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक फिरवायचा, आणि तो त्याच घटकेला. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. वाटेत असेल तोवर अडवता येतो. बँकेलाही लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे की ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ते नुकसान ग्राहकाच्या माथी नाही. माझी चुलती चार महिने गप्प बसली होती.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टँडवर लिंबाच्या सावलीत सकाळच्याच आजी बसलेल्या. मला ओळखून म्हणाल्या, "बाबा, तुला वाचता येतंय ना? ही चिठ्ठी बग." वाचली. दीड हजार, बरोबर. आजींनी मान हलवली आणि चंचीतून आणखी पाचसहा चिठ्ठ्या काढल्या, नीट चौघडी घातलेल्या. "ह्या बी वाच. आखाडापासनं ठिवल्यात." उलगडल्या. एकीवर फिकट रेघ, बाकीच्या कोऱ्या पांढऱ्या. ऊन-घामाने त्या कागदावरची छपाई उडून जाते.

"आजी, यावर काहीच नाही राहिलं."

"आसं कसं? मी एकबी टाकली न्हाई." त्यांनी चिठ्ठी उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली. मागच्या बाजूला त्या पोराने पेनाने काढलेले आकडे मात्र तसेच होते. आजींनी ते बोटाने चाचपले. "हे हाय की!"

मी म्हणालो, पासबुकात भरून घेतलं म्हणजे कायमचं राहील. त्या म्हणाल्या, पासबुक घरी पेटीत आहे, लेक गेल्यापासून भरलं नाही. मग उठल्या, चंची कमरेला खोचली आणि विचारलं, "बँक किती वाजेपत्तूर उघडी असती?"