अर्धी रचलेली लगोरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायातील, नव्या मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आम्हांला मिळाला. आम्ही दोघे एकाच तुकडीचे, वसतिगृहाच्या एकाच खोलीत सहा वर्षे राहिलेले आणि आज संगणकावरील खेळ तयार करण्याच्या एकाच व्यवसायात असलेले. म्हणून हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे. शाळेत येणे झाले की नववी-दहावीची मुले आम्हांला गाठून विचारतात, "दादा, गेम कसा बनवायचा?" त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही ज्या दोन गोष्टी उशिरा शिकलो, त्याच येथे सांगतो. पहिली म्हणजे धीर धरणे आणि दुसरी म्हणजे अपुरे काम लपवून न ठेवणे. दुसरी शिकण्याची किंमत आम्ही मोजली आहे.

आमच्या वेळी आठवड्यातून संगणकाची एकच तासिका असे आणि एका संगणकापुढे चौघे बसत. संध्याकाळी मात्र मैदान आमचे असे. सात चपटे दगड एकावर एक रचून लगोरी चाले, ती भोजनगृहाची घंटा होईपर्यंत. आमच्या खोलीत तिसरा एक मित्र होता. त्याचा हात चित्रकलेत फार चांगला. दोनशे पानी वहीत त्याने मैदानाच्या कडेचा कडुनिंब, पाण्याची टाकी, नेम धरणारी मुले, सगळे काढून ठेवले होते. दहावीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ठरवले की लगोरीचा गेम करायचा. त्याने चित्रे द्यायची, आम्ही प्रोग्राम लिहायचा.

पुढे आम्ही दोघे तंत्रनिकेतनात गेलो. घरच्या परिस्थितीमुळे तो वडिलांबरोबर गवंडीकामाला लागला. जाण्यापूर्वी त्याने वही दिली. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात तिची पाने स्कॅन करून घेतली आणि वही त्याला परत केली. जुना संगणक विकत घेऊन भाड्याच्या खोलीत काम सुरू झाले. दर दिवाळीला त्याचा फोन येई, "झाला का रे आपला गेम?" आम्ही म्हणत असू, "पुरा झाला की दाखवतो." हे उत्तर आम्ही तीन दिवाळ्या दिले.

वास्तविक दाखवण्यासारखे पुष्कळ होते. चेंडू उडत होता, दगड पडत होते. पण जे नव्हते तेच आम्हांला दिसे. एक अडचण सांगतो. रचलेली लगोरी चेंडू लागण्यापूर्वीच आपोआप थरथरू लागे आणि कोसळे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने काढले जाते. प्रत्येक वेळी गुरुत्वाकर्षणाने वरचा दगड किंचित खाली सरकतो, खालच्या दगडात शिरतो आणि प्रोग्राम त्याला पुन्हा वर ढकलतो. एका दगडात ही चूक नजरेस येत नाही. सात दगडांत ती साचत जाते. आम्ही तीन आठवडे तिच्याशी झगडलो आणि शेवटी लगोरी पाच दगडांची करून टाकली. पुढे नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दहा मिनिटांत उपाय सांगितला. ज्या दगडाची हालचाल काही क्षण जवळजवळ थांबली आहे, त्याला 'झोपलेला' मानावे आणि धक्का लागेपर्यंत त्याचे गणितच करू नये. तीन आठवडे आणि दहा मिनिटे यांतील अंतर बुद्धीचे नव्हते. आम्ही ते काम त्या वेळी कोणालाच दाखवले नव्हते, एवढेच.

का दाखवले नाही? लोक हसतील म्हणून. वसतिगृहातून आलेली मुले गेम काय बनवणार, असे कोणी म्हणेल या भीतीने आम्ही कोणी काही म्हणण्याआधीच दार लावून घेतले होते. त्या लपवण्याला आम्ही स्वतःशी 'धीर' असे नाव दिले होते. धीर आणि भीती बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत माणूस 'अजून नाही' असेच म्हणतो.

तिसऱ्या दिवाळीनंतरच्या पावसाळ्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. दुसरी प्रत कोठेच नव्हती. कोणाला दिलीच नव्हती, तर असणार कोठून? प्रोग्राम गेला, स्कॅन केलेली चित्रेही गेली. मित्राला हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्याचा फोन हळूहळू बंद झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हांला त्याने सुटल्यासारखे वाटले.

काही वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात तो भेटला. बरोबर सात वर्षांची मुलगी होती. जेवणाच्या पंगतीतून उठल्यावर त्याने तिला पुढे केले आणि म्हणाला, "हिला आपला गेम दाखवा रे. मी हिला सांगून ठेवलंय, काकांनी केलाय म्हणून." आमच्याजवळ दाखवायला काही नव्हते. आम्ही तेथेच त्याला सर्व सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मोडका होता तेव्हाच दाखवला असता तरी चाललं असतं की. मला काय कळत होतं त्यातलं?" आणि पिशवीतून त्याने ती वही काढली. ती त्याने जपून ठेवली होती.

त्या वहीवरून आम्ही दुसऱ्यांदा काम सुरू केले. या वेळी नियम एकच ठेवला, की दर महिन्याला जे असेल ते कोणाला तरी खेळायला द्यायचे. पहिल्या महिन्यात दगड म्हणजे करड्या चौकटी होत्या, चेंडू म्हणजे एक वर्तुळ, आवाज नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही शाळेत आलो आणि सहावीच्या एका मुलाला संगणकापुढे बसवले. पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी कळल्या. आमच्या यंत्रावर सेकंदाला तीस चित्रे येत होती, शाळेच्या नव्या संगणकावर साठ. त्यामुळे चेंडू दुप्पट वेगाने धावू लागला. वेग हा चित्रांच्या संख्येवर न ठेवता दोन चित्रांमध्ये गेलेल्या वेळावर ठेवावा लागतो, हे पुस्तकात वाचलेले आम्ही विसरलो होतो. दुसरे, कोणते बटण दाबायचे हे पडद्यावर लिहिलेच नव्हते. आमच्या बोटांना सवय होती म्हणून ते ध्यानात आले नव्हते. तिसरे त्या मुलानेच विचारले. लगोरी फुटल्यावर आम्ही पडद्यावर 'जिंकलात' असे लिहिले होते. ते वाचून तो म्हणाला, "दादा, फोडून झाल्यावर रचायची कधी?"

लगोरी खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की खरा खेळ फोडल्यानंतर सुरू होतो. प्रतिपक्षाच्या चेंडूचा मार चुकवत ती पुन्हा रचायची असते. इतकी वर्षे आम्ही फोडण्याचेच गणित सुधारत बसलो होतो आणि रचणे राहून गेले होते. हे सांगायला सहावीचा मुलगा लागला.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार झाला. तो लिहिणाऱ्या स्टीव्ह रसेलने आरंभी बरीच चालढकल केली होती. साइन-कोसाइन काढणारा प्रोग्राम आपल्याजवळ नाही, ही त्याची सबब. ॲलन कोटॉक या मित्राने तो संगणकाच्या कंपनीकडून आणून त्याच्यापुढे ठेवला. पुढे पीटर सॅमसनने त्यात खऱ्या आकाशातील तारे घातले आणि डॅन एडवर्ड्सने मध्यावरच्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण. खेळ अपुरा असताना इतरांपुढे उघडा होता, म्हणून हे घडले. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हने 'टेट्रिस' प्रथम लिहिला, तेव्हा त्याच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले होते. तो खेळ पुढे आयबीएम पीसीवर आणण्याच्या कामात वादिम गेरासिमोव्ह हा अवघा सोळा वर्षांचा विद्यार्थी होता. आपल्या दहावी-अकरावीतल्या मुलांच्या वयाचा.

धीराचे उदाहरण म्हणून एरिक बॅरोनचे नाव घ्यावे लागेल. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ त्याने चित्रे, संगीत आणि प्रोग्राम यांसह एकट्याने, सुमारे साडेचार वर्षे खपून केला. या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करी. २०१६ साली खेळ बाहेर आला. मात्र त्यानेही दार लावून घेतले नव्हते. काम चालू असतानाच तो प्रगतीची माहिती लोकांना देत असे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्यासाठी. मोबाइलवर तुम्ही जे मोठे खेळ खेळता, ते शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे केलेले असतात. त्यांच्यापासून आरंभ करू नका. १९७२ सालचा 'पाँग' म्हणजे दोन फळ्या आणि एक चेंडू, आणि तोही ॲलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला सराव म्हणून दिलेला. तुम्हीही तेवढेच करा, पण पुरे करा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. 'स्क्रॅच' आणि 'गोडो' ही साधने विनामूल्य आहेत. रोज कामाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आमच्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

काम दाखवताना आधी क्षमा मागू नका आणि खेळणाऱ्याच्या हातातून माऊस घेऊ नका. गप्प बसून तो कोठे अडतो ते पाहा आणि लिहून ठेवा. तो म्हणेल ते सर्व बदलावे असे नाही. पण तीन जण एकाच जागी अडले, तर चूक त्यांची नसून तुमची आहे. आणि दुसऱ्याचे अपुरे काम तुमच्यापुढे येईल तेव्हा हसू नका. ज्या वर्गात हसतात, तेथे पुढच्या वेळी कोणी काही दाखवत नाही.

पालकांना आणि गुरुजनांना नम्र विनंती अशी की मुलाने पडद्यावर नुसती सरकणारी चौकट दाखवली, तरी दोन मिनिटे थांबून ती पाहावी. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. "पुढे काय करणार आहेस?" असे विचारावे. आमच्या मित्राला त्यातले काही कळत नव्हते असे तो म्हणतो. पण तीन वर्षे विचारणारा तोच एकटा होता.

आमचा लगोरीचा खेळ अजून पुरा झालेला नाही. प्रतिपक्षाची मुले कधी कधी कडुनिंबाच्या खोडातून आरपार पळतात. आता लगोरी पुन्हा सात दगडांची आहे, आणि फोडल्यावर रचावीही लागते. मित्राच्या मुलीने पहिल्यांदा खेळून पाहिले, तेव्हा चार दगड रचून झाले आणि ती बाद झाली. "परत," असे म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. मित्र तिच्या मागे उभा राहून आपली टाकी आणि आपले झाड पाहत होता.

त्या अपुऱ्या खेळाची एक प्रत शाळेच्या संगणक कक्षात ठेवली आहे. प्रोग्रामही सोबत आहे. सवड मिळेल तेव्हा खेळा, त्यात चुका काढा आणि जमले तर दुरुस्त करून आम्हांलाही दाखवा. झाडातून पळणारी मुले तेवढी थांबवलीत, तरी आम्ही तुमचे ऋणी राहू.