हाडातलं कवच

तलंग अंड्यावर यायला किती दिवस लागतात, हे तिच्या कुळावर ठरतं. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातली संकरित लेअर १८ ते २० आठवड्यांत सुरू होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी तयार केलेल्या वनराजाला त्याहून जास्त काळ लागतो. आणि आमच्यासारख्यांच्या अंगणात हिंडणारी गावठी तलंग, जिचा बाप वाडीतला नेमका कुठला कोंबडा हेही कुणाला ठाऊक नसतं, ती सहा-सात महिने घेते. काही त्याहूनही उशिरा येतात. मला लिहायचं आहे ते या महिन्यांविषयी, कारण हे महिने कुणी हिशेबात धरत नाही. धरले तर फक्त खर्चाच्या बाजूला.

आमच्या तलंगा शिमग्याच्या सुमाराला निघाल्या. थोरली खुडूक झाली तेव्हा तिला रवणीला बसवलं होतं. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर आली आणि तेव्हापासून घार, मुंगूस आणि उन्हाळ्यातली मानमोडी त्यांच्या मागे लागली. आज तांबडी, कबरी आणि काळी दिसतात त्या यातून वाचलेल्या. पहिल्या पावसानंतर त्या कुंपणाकडेची वाळवी उकरायला शिकल्या, श्रावणात पडवीत दाटीवाटीनं बसून राहिल्या, आणि गणपतीपर्यंत अंगानं भरल्या. पिसं तकतकीत झाली. परक्या माणसाला त्या पुऱ्या वाढलेल्या कोंबड्या वाटू लागल्या आणि तिथून विचारणा सुरू झाली. गौरीला आलेले पाहुणे विचारायचे, समोरच्या घरातली मुलं विचारायची, "झाल्या का सुरू?" नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "मग नुसती कणी खातायत."

हे वाक्य मला दुखतं.

शेजारच्या काकी मात्र असं कधी म्हणत नाहीत. त्या तिन्हीसांजेला खुराड्याशी येतात, एखादी तलंग काखेत धरतात आणि शेपटीखालच्या दोन हाडांच्या टोकांमध्ये किती बोटं बसतात ते बघतात. "एकच बोट जातंय गो. हाड मिटलेलं आहे अजून." एवढं बोलून तिला अलगद आत सोडतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीची तीच हाडं दोन-तीन बोटं मावतील इतकी फाकतात. तुऱ्यावरही काकींची नजर असते. फिकट, सुकल्यासारखा तुरा हळूहळू लालभडक होतो, तोंडावरची कातडी रसरशीत दिसू लागते. मग शेवटची खूण. एरवी हात नेला की निसटून जाणारी तलंग एक दिवस पळत नाही. पाठीवर हाताची सावली पडली की पंख जरासे फाकवून जागच्या जागी खाली बसते. कोंबड्याला ती असाच होकार देते, आणि त्या दिवसांत माणसाच्या हातालाही तेच उत्तर मिळतं. असं झालं की अंडं फार लांब नसतं. काकींनी हे बोटांनी शिकून घेतलं आहे. पुढे मी कोंबड्यांवरची पुस्तकं वाचली तेव्हा त्यांतही याच खुणा सापडल्या, याच क्रमानं.

पुस्तकांनी मला दिलं ते बोटांना न लागणारं. मादी पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच त्याच्या अंडाशयात हजारो बीजांडं असतात. अंडाशय वाढतं ते फक्त डावं, उजवं खुरटून राहतं. महिनोन्महिने ती बीजांडं तशीच बारीक राहतात. मग वेळ झाली की त्यांतली काही एकामागून एक फुगू लागतात. यकृतात तयार झालेला बलकाचा माल रक्तातून येऊन त्यांत भरतो, आणि आठ-दहा दिवसांत एकेकाचा पुरा पिवळा बलक होतो. बलक सुटल्यावर पुढचा प्रवास दिवसभराचा, २४ ते २६ तासांचा. त्याच्याभोवती पांढरं चढायला साधारण तीन तास लागतात, पापुद्रे चढायला तासाभराहून थोडं जास्त. उरलेले वीसेक तास जातात ते कवचाला. आपण जे टिचकी मारून फोडतो आणि केराच्या टोपलीत टाकतो, त्यावर कोंबडीचे सगळ्यांत जास्त तास खर्च झालेले असतात, आणि त्यातले बरेचसे रात्रीचे, खुराड्याच्या अंधारात.

रात्री ती काही खात नाही. कवच तर जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. एका कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात मिळून २० ग्रॅमच्या आसपास. सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा ऐवज एका रात्रीत उभा करायचा म्हटल्यावर तो आणायचा कुठून?

याचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून परसात जाऊन उभी राहिले होते. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी तलंगेच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या पोकळीत एक नवं हाड धरू लागतं. वजन पेलण्याच्या दृष्टीनं ते फारसं कामाचं नसतं. ते साठवणीचं हाड. रात्री विरघळायचं आणि कवचाला कॅल्शियम पुरवायचं, दिवसा चाऱ्यातून आलेल्या कॅल्शियमनं पुन्हा भरायचं, एवढंच त्याचं काम. ते मादीतच तयार होतं आणि अंडी देण्याच्या काळातच टिकतं. ही रीत फार जुनी असावी. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोंटानात सापडलेल्या टायरॅनोसॉरस रेक्स या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात याच जातीचं ऊतक आढळल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्यावरून ते जनावर मादी होतं, अंडी द्यायच्या बेतात होतं, असं मांडलं. सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वीची ती आई आणि आमच्या पेरूखाली माती उडवत बसलेली कबरी, दोघींच्या मांडीत एकच तयारी.

ज्या दिवसांत आपण म्हणतो की ही नुसती कणी खाते आहे, त्याच दिवसांत ती कवचासाठी हाड बांधत असते. हे कळल्यावर मी तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकून देणं बंद केलं. त्या उन्हात वाळवते, पाट्यावर ठेचते आणि खुराड्यापाशी एका करवंटीत घालून ठेवते. कणीत त्या मिसळत नाही. जिला गरज असते ती आपण होऊन करवंटीकडे जाते, लहान तलंगा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तांबडी करवंटीशी रेंगाळू लागली तेव्हा तिचा तुरा नुकता कुठे रंग धरत होता.

त्या विचारणेचा मला त्रास होतो त्याला कोंबड्यांपलीकडचंही एक कारण आहे. मला मूल उशिरा झालं. लग्नानंतरच्या त्या वर्षांत हळदीकुंकवाला, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडूनसुद्धा हाच प्रश्न यायचा, आणि उत्तराची वाट न पाहता नजर पोटाकडे जायची. त्या नजरेला मी दिसत नव्हते. पुढे दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देताना समजावलं होतं की बाळाची हाडं आईकडून घेऊन घडतात, आहारात कमी पडलं तर ती तिच्या हाडांतून घेतात. गरोदर बाईला हे सांगतात, तिची काळजी घेतात. त्याआधीच्या वर्षांत तिला काय लागतं, ते कुणी विचारत नाही.

उजेडाचाही या सगळ्यात मोठा हात आहे. कोंबडीला दिवस किती मोठा हे फक्त डोळ्यांनी कळत नाही. उजेड कवटीतून झिरपून मेंदूतल्या ठरावीक पेशींपर्यंत पोचतो, आणि दिवस मोठा होतो आहे असं त्या पेशींना जाणवलं की अंडाशयाकडे संदेश जातात. दिवस लहान होत असतील तर शरीर दमानं घेतं. आमच्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तासांच्या आसपास असतो. शिमग्यात निघालेली पिल्लं वयात येतात ती नेमकी भाद्रपद-आश्विनात, उजेड उतरणीला लागलेला असताना. त्यांचा उशीर आळसाचा नव्हे, आभाळाचा आहे.

पोल्ट्रीत आभाळावर अवलंबून राहत नाहीत. तिथे बल्ब लावून दिवस १६ तासांपर्यंत नेतात, आणि लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी देते. आमच्या गावठीची पन्नास-साठ झाली तरी पुष्कळ. तीनशे कवचांचं कॅल्शियम मोजलं तर ६०० ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे एका वर्षात तीसेक सांगाड्यांएवढं तिच्या अंगातून जातं. खाद्यातून ते भरून काढतात, हे खरं. स्वस्त अंड्यामुळे कितीतरी घरांत पोरांच्या ताटात प्रथिनं आली, हेही खरं, आणि ते मी कमी लेखणार नाही. पण अंग पुरतं भरण्याआधीच तलंगेला जास्तीचा उजेड दाखवला तर अंडी बारीक येतात आणि जोर करताना गर्भमार्गच बाहेर येण्याचा धोका वाढतो, हे पोल्ट्रीवाल्यांनाही ठाऊक असतं. पिंजरे सर्रास वापरात आले तेव्हा, १९५० च्या दशकात, पायांवर उभ्या न राहू शकणाऱ्या कोंबड्या दिसू लागल्या आणि त्या दुखण्याला पिंजऱ्याचा थकवा असंच नाव पडलं. साठवणीचं हाड पुरेनासं झालं की वजन पेलणारं हाडही झिजू लागतं. वर्ष-दीड वर्षानं पिंजऱ्यातून काढताना काहींची हाडं हातातच मोडतात. हे वाचल्यावर सहा-सात महिने मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

आणि ते महिने मला आवडतात, हे सांगून टाकते. अंडी सुरू झाली की आपलं लक्ष टोपलीकडे जातं, कोंबडीकडे पाहणं कमी होतं. आत्ता मात्र मला प्रत्येकीचं सगळं ठाऊक आहे. तांबडी पुढे, पण मेघ गडगडला की सर्वांत आधी पडवीत. कबरी एकटी चरते आणि माझ्या पायाशी येऊन उभी राहते. काळी सगळ्यांच्या मागून खाते, थोरलीची चोच अजून खाते, आणि रात्री वासाच्या टोकाला, भिंतीला चिकटून बसते. जागा शोधण्याचे दिवस तर पाहण्यासारखेच. तांबडी दोन-तीन दिवस घरभर फिरली. लाकडांच्या मागे गेली, पेंढ्याच्या उडवीत शिरली, माळ्याच्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून पुन्हा उतरली, आणि सगळा वेळ घशातल्या घशात एक लांबट, तक्रारीचा आवाज काढत होती, जो मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. काकींनी पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घातला आणि थोरलीचं एक अंडं आत ठेवलं. दिसलेल्या अंड्याशेजारी अंडं घालावंसं कोंबडीला वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी टोपलीत बसली ती उन्हं अंगणात उतरेपर्यंत उठली नाही.

अंडं लहानसंच होतं. थोरलीच्या अंड्याशेजारी निम्म्याहून थोडं मोठं दिसत होतं, आणि एका टोकाला रक्ताची बारीक रेघ होती. पहिल्या खेपेला असं होतं. मी ते बराच वेळ हातात धरून उभी होते. कवच इतकं टणक होतं की बोटांच्या चिमटीत दाबूनही दबलं नाही. काकी म्हणाल्या, "पहिली अंडी रवणीला ठेवू नको, खा ती. पिल्लू धड निघत नाही त्यातनं." मुलीनं त्याचा पोळा केला आणि घरातल्या सगळ्यांनी एकेक घास घेतला. त्यानंतर दोन दिवस टोपली रिकामी होती. मग पुन्हा एक आलं, थोडं मोठं. कबरीचं पहिलं अंडं मऊ कवचाचं निघालं, पिशवीसारखं हातात लवलं. मी करवंटीत शिंपल्यांची भर घातली, आणि तिचं पुढचं अंडं नीट आलं.

काळी अजून आलेली नाही. तिच्या हाडात एकच बोट जातं, तुरा फिकट आहे. पुतण्या मुंबईहून दिवाळीला आला तेव्हा त्यानं खुराड्यात बल्ब लावायचं सुचवलं. वायरही आणून दिली, त्याच्या मनात काळीविषयी मायाच होती. मी ती वायर पडवीतल्या दिव्याला वापरली. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागल्याचं जाणवतं, तोपर्यंत तिनं हवं तर थांबावं. काकींनी काल तिला पुन्हा काखेत धरून पाहिलं, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाल्या, "अंगात कमी आहे ही. इतरांत घालू नको, वेगळं घाल हिला." आता तिची कणी मी मागच्या दारी वेगळ्या ताटलीत घालते, आणि ती खाऊन होईपर्यंत थोरलीला पुढच्या अंगणात ठेवते.