आमच्या कांसवाचें पाणी

कांसवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाहीं कीं घांस भरवीत नाहीं. ती नुसत्या दृष्टीनें त्यांचें पोषण करिते, अशी एक गोड समजूत आपल्या संतवाङ्मयांत ठिकठिकाणीं आढळते. लहानपणीं आजीच्या तोंडून ती ऐकतांना मला मोठी मौज वाटे. पुढें आमच्या घरीं खरोखरीचें कांसव आलें, आणि जवळजवळ दीड वर्ष मींही त्याचें पोषण बहुतेक दृष्टीनेंच केलें. त्याचा परिणाम काय झाला, आणि नंतर एका साध्या डब्यानें मला काय शिकविलें, तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मी सहावींत असतांना वाढदिवसाची भेट म्हणून मामांनीं तें कांसव आणिलें. रुपयाच्या नाण्याहून किंचित् मोठें, हिरव्या पाठीचें, आणि डोळ्यांच्या मागें तांबडा पट्टा असलेलें. या तांबड्या पट्ट्यावरून त्याच्या जातीला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणजे लाल कानाचें कांसव असें नांव पडलें आहे. त्याचें मूळ घर आपल्या देशांत नसून अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत आहे. तें कधीं आवाज करीत नसे, म्हणून आम्हीं त्याचें नांव ‘मुनि’ ठेविलें. विकणाऱ्यानें मामांना सांगितलें होतें कीं, हें एवढेंच राहतें. परंतु मुनीला तें ठाऊक नव्हतें! दीड वर्षांत तो माझ्या तळहाताएवढा झाला. या जातीचीं कांसवें पुढें वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि नीट सांभाळलीं तर वीस-तीस वर्षें जगतात, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

प्लॅस्टिकच्या भांड्यांतून आम्हीं त्यास चार फूट लांबीच्या कांचेच्या टांकींत नेलें. परंतु खरा प्रश्न जागेचा नव्हता, पाण्याचा होता. मी दर रविवारीं सगळें पाणी काढून नवें भरीत असें. सोमवारीं तें आरशासारखें दिसे, बुधवारीं गढूळ होई, आणि शुक्रवारीं आजी नाकाला पदर लावून त्या खोलींतून जाई. मुनि मात्र शांतपणें पोहत असे, आणि त्यालाच कांहीं वाटत नाहीं तर आपण कां चिंता करावी, असें मीं मनाचें समाधान करून घेतलें होतें.

अखेर एके दिवशीं बाबा म्हणाले, “अरे, याला कात्रजच्या तलावांत सोडून येऊं. तोही सुखी, आपणही सुखी.” खरें सांगावयाचें तर मला तें मनांतून पटलें. शनिवारीं जाण्याचें ठरलेंही. शुक्रवारीं शाळेंत मीं ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या सरांना मोठ्या उदारपणाचा आव आणून सांगितली, तेव्हां त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, “तूं कांसवाला सोडवीत नाहींस, तूं तलावाला अडकवीत आहेस.” मग त्यांनीं मला समजावून सांगितलें कीं, हीं परदेशी कांसवें जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींच्या यादींत मोडतात. लोकांनीं हौसेनें घेतलेलीं आणि कंटाळून सोडलेलीं कांसवें देशोदेशींच्या तळ्यांत पसरलीं, तेथील कांसवांचें अन्न आणि उन्हांत बसण्याच्या जागा त्यांनीं बळकाविल्या. म्हणून युरोपीय संघानें १९९७ सालीं त्यांची आयात बंद केली. आपल्या दख्खनच्या नद्यांतून मऊ पाठीचीं देशी कांसवें आहेत. त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण असून तीं घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. कायद्यानें ज्यांना जपावयाचें, त्यांच्याच घरांत आपण परका दांडगा सोडावयाचा काय? मी मान खालीं घालून घरीं आलों. बाबांनींही तें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “मग त्याचें पाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी तुझी.”

दुसऱ्या आठवड्यांत सरांनीं मला पाण्याचें रहस्य सांगितलें. कांसवाची विष्ठा आणि उरलेलें अन्न कुजून त्यांतून अमोनिया निघतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण विषारी असतो. अशा पाण्यांत मासा असता तर तो मरून आपल्याला सांगता. कांसव नाक वर काढून हवेंतला श्वास घेतें, म्हणून तें घाणींतही पुष्कळ दिवस तग धरतें. परंतु त्याचे डोळे सुजतात, पाठीला कीड लागते. म्हणजे मुनीची शांति ही सुखाची नव्हती. त्याला तक्रार करितां येत नव्हती इतकेंच. निसर्गानें या अमोनियावर उपाय ठेविला आहे. एका प्रकारचे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचें नायट्राइट करितात. दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि तें पुष्कळच सौम्य असतें. या जीवाणूंना राहण्यास जागा आणि श्वासास वाहतें पाणी मिळालें पाहिजे. अशी जागा करून देणें, हेंच चांगल्या फिल्टरचें मुख्य काम. डोळ्यांना दिसणारा गाळ अडविणें हें दुसरें.

आतां फिल्टर कोणता घ्यावा? टांकीच्या आंत बुडवून ठेवावयाचा फिल्टर स्वस्त असतो. पण तो लहान, आणि मुनीसारखा पैलवान त्याला धक्के मारून उपटून टाकतो. टांकीच्या कांठावर टांगावयाच्या फिल्टरला पाणी कांठापर्यंत भरलेलें लागतें. कांसवाच्या टांकींत तर तें मुद्दाम खालीं ठेवावें लागतें, नाहींतर स्वारी बाहेर! राहिला कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टांकीखालच्या कपाटांत ठेवावयाचा घट्ट झांकणाचा मोठा डबा. एका नळीनें टांकींतील पाणी खालीं उतरून डब्यांत येतें, थरांतून गाळलें जातें, आणि झांकणांतील मोटर तें दुसऱ्या नळीनें पुन्हां वर चढविते. हा महाग असतो. पण त्यांत जीवाणूंच्या वस्तीला जागा सर्वांत अधिक असते.

त्याचें माप ठरवितांना मीं प्रथमच शाळेंतील गणित घरीं वापरलें. टांकी १२० सेंटिमीटर लांब व ४५ रुंद; पाण्याची खोली ३०. गुणाकार केला तर १६२ लिटर पाणी झालें. फिल्टरच्या खोक्यावर ‘इतक्या लिटरच्या टांकीसाठीं’ असें जें छापलेलें असतें, तें माशांच्या हिशेबानें असतें; कांसव माशांपेक्षां कितीतरी अधिक घाण करितें. म्हणून पाणी असेल त्याच्या दुप्पट ते तिप्पट माप धरावें, असा जाणत्यांचा नियम आहे. त्याप्रमाणें आम्हीं सुमारें चारशें लिटरच्या टांकीचा, तासाला १,२०० लिटर पाणी फिरविणारा म्हणून छापलेला फिल्टर घेतला. माझे साठविलेले पैसे पुरले नाहींत; उरलेले बाबांनीं घातले.

आजीनें तो डबा उघडून पाहिला आणि हंसून म्हणाली, “ही तर आमची घागरींची गाळणी!” पूर्वी एकावर एक घागरी ठेवून कोळसा, वाळू आणि खडे यांतून पाणी झिरपवीत, तसेंच हें होतें. प्रथम जाड स्पंज, मग बारीक, मग सिरॅमिकचीं सच्छिद्र कडीं. त्या कड्यांच्या असंख्य छिद्रांत जीवाणू राहतात. पाणी आधीं स्पंजांतून यावें, नाहींतर गाळानें छिद्रें बुजून जातात. वास घालविण्यासाठीं कोळशाचा थरही देतां येतो. पण तो लवकर निकामी होतो, म्हणून आम्हीं त्याची जागा कड्यांनाच दिली.

छापलेल्या आंकड्यावर किती विश्वास ठेवावा, हेंही मीं पाहिलें. टांकीच्या कांठाएवढ्या उंचीवर स्टुलावर पंधरा लिटरची बादली ठेवून परतीची नळी तींत सोडली आणि घड्याळ लाविलें. बादली भरण्यास ऐशीं सेकंद लागले; म्हणजे तासाला सुमारें ६७५ लिटर. छापलेला आंकडा रिकाम्या डब्याचा असतो. थर भरले आणि पाणी वर चढवावयाचें झालें कीं तो असा उतरतो. तरीही आमचें सगळें पाणी तासांत चार वेळां फिरत होतें, आणि तें पुरेसें होतें.

तीन महिने मुनीचे आणि आमचे सुखाचे गेले. एके दिवशीं धार बारीक झालेली दिसली. बादलीला अडीच मिनिटें लागलीं. मीं उत्साहानें डबा उघडला. आंतील स्पंज चिखलासारखे, कडीं तपकिरी! मला लाज वाटली. नळाखालीं धरून, घासून घासून मीं तीं कडीं दुधासारखीं पांढरीं केलीं, स्पंज पिळून उन्हांत वाळविले, आणि मोठ्या अभिमानानें डबा पुन्हां लाविला. पाणी कांचेसारखें नितळ दिसूं लागलें. घरांतील सर्वांनीं माझें कौतुक केलें.

पांचव्या दिवशीं मुनीनें खाणें सोडलें. सातव्या दिवशीं त्याचा डावा डोळा सुजून मिटला. जनावरांच्या डॉक्टरांनीं त्याला हातांत घेतलें आणि पहिला प्रश्न केला, “पाणी कसें आहे?” मी म्हणालों, “अगदीं स्वच्छ आहे. मीं परवांच सगळा फिल्टर धुतला.” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं अमोनिया तपासण्याचे थेंब आणावयास सांगितले. नळींत पाणी घेऊन थेंब टाकतांच पिवळें राहावयाचें तें गर्द हिरवें झालें. ज्या तपकिरी घाणीची मला लाज वाटली होती, तींतच मुनीचे कामकरी राहत होते. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें, घासण्यानें आणि उन्हानें मीं ती वस्तीच्या वस्ती मारून टाकिली होती. आणि पाणी नितळ होतें! नितळ आणि स्वच्छ हे एकच शब्द नव्हेत, हें त्या दिवशीं मला कळलें.

नवी वस्ती वाढण्यास पांच आठवडे लागले. तोंवर मी रोज निम्में पाणी बदलीत असें, अन्न अर्ध्यावर आणिलें, डोळ्यांत औषध घालीत असें. सहाव्या आठवड्यांत मुनीनें डावा डोळा उघडला. त्या वेळीं मला झालेला आनंद कोणत्याही परीक्षेच्या निकालानें झालेला नाहीं.

आतां माझी रीत ठरलेली आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतों. कारण नायट्रेट फिल्टरनें जात नाहीं, तें पाण्याबरोबरच बाहेर काढावें लागतें. नवें पाणी क्लोरीन घालविणारें औषध टाकूनच भरतों. धार मंदावली कीं डबा उघडतों. पण स्पंज टांकींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळतों आणि कड्यांना फक्त एकदां बुचकळतों. हातीं पाणी लागण्यापूर्वीं वीज बंद करितों, आणि तारेचा झोल बटणाच्या खालीं ठेवितों, म्हणजे थेंब ओघळला तरी विजेपर्यंत जात नाहीं. झांकणाच्या रबरी वायसरला सिलिकॉनचें वंगण लावितों. वीज कांहीं तास गेली तर बंद डब्यांतील पाणी कुजतें. तें ओतून टाकूनच मोटर चालू करितों. आणि काम झाल्यावर साबणानें हात धुतों; कांसवांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात, म्हणून हें सारें स्वयंपाकघराच्या मोरींत कधींही करीत नाहीं. काढलेलें पाणी आजीच्या जास्वंदीला जातें, आणि ती त्यावर चांगली बहरते.

मुनि आज अठरा सेंटिमीटरचा आहे. तो तीस वर्षें जगला, तर त्या वेळीं मी चाळिशी ओलांडलेला असेन. पुढील वर्षीं मी शाळा सोडीन. कदाचित् पुढें शिक्षणासाठीं गांवही सोडावा लागेल. म्हणून गेल्या सुटींत मीं धाकट्या बहिणीला डबा उघडण्यास शिकविलें. तिनें पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, हीं कडीं इतकीं घाण कां ठेविलीं आहेस?” मीं तिला सगळी हकीकत सांगितली, माझी चूकही झांकून ठेविली नाहीं.

असो. ज्या बालमित्रांना दुकानांतील चिमुकलें कांसव पाहून मोह होईल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे कीं, त्याच्या पाठीकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या पाण्याचा विचार करा. तीस वर्षें तें पाणी उपसण्याची तयारी नसेल, तर त्याला दुरूनच पाहून आनंद माना. कांसवी दृष्टीनें पिलें पोसते म्हणतात, आणि तिला तें साधत असेल; आपल्याला मात्र दृष्टीबरोबर हातही लावावे लागतात.