ठासणीच्या बंदुकीची निवृत्ती

कुडाळ तालुक्यातील आमच्या घरी माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या आणि त्यांवर एक ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. आजोबांच्या नावचा शेतीसंरक्षणाचा परवाना १९६८ साली अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावे झाला आणि बंदूकही त्यांच्याकडे आली. पहिल्या अंकात भिंतीवर दिसलेली बंदूक पुढे उडालीच पाहिजे, हा चेकॉव्हच्या नावाने प्रसिद्ध असलेला दंडक आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकवला. शिकवताना डोळ्यांसमोर मात्र घरची बंदूक येई आणि वाटे, नाटककाराला जे हवे असते नेमके त्याचेच घरच्या माणसांना भय असते.

ज्यांनी ही बंदूक पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, तीवर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. त्यावरच्या बोंडीवर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो, ठिणगी छिद्रातून आत जाते आणि बार निघतो. जुन्या मराठीत तोफेच्या अशा छिद्राला ‘कान’ म्हणत. शत्रूच्या हाती लागू द्यायची नसलेली तोफ निकामी करायची, तर तिच्या कानात खिळा ठोकत. ‘ठासून सांगणे’ आणि ‘फुसका बार’ हे प्रयोग आपण रोज करतो. ठासणे म्हणजे काय आणि बार फुसका का जातो, हे आम्ही अण्णांच्या शेजारी बसून पाहिले आहे.

शिकार हा शब्द या बंदुकीच्या संदर्भात जपूनच वापरायला हवा. आजोबांच्या काळी तिने रानडुकरे पाडली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि परवानगीवाचून जनावर मारणे हा गुन्हा ठरला. पुढची पन्नास वर्षे तिचे काम उरले ते आवाजाचे. भात पोटरीला आले की संध्याकाळी मांगरात जायचे आणि डुकरांची चाहूल लागली की आभाळाकडे बार काढायचा. तो आवाज दरीत घुमला की खालच्या वाडीतले लोक म्हणत, ‘अण्णा जागे असत.’ निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई आणि ते दिवस अण्णा पाव्हण्यासारखे अस्वस्थ बसून काढीत.

२०२२ च्या आश्विनात आम्ही सुटीवर घरी होतो. कातरवेळी अण्णांनी चाप ओढला. केप फुटली, बार निघाला नाही. त्यांनी नळी खाली घेतली, आणि एका श्वासाएवढ्या अवधीनंतर बार निघाला. छर्रे मांगराच्या चिऱ्याच्या भिंतीत घुसले. भिंतीपासून दोन हातांवर आमचा गडी बाबल्या उभा होता. जांभ्याची लाल माती त्याच्या अंगावर उडाली. ती झटकून तो एवढेच म्हणाला, “अण्णानू, आता हिका पेन्शन देवा.”

कितीतरी दिवस मनात असलेले वाक्य बाबल्याने बोलून टाकले होते. रीतसर कागद करून आम्ही बंदूक एका परवानाधारक कारागिराकडे नेली. बंदूक बाद करावी की दुरुस्त करावी, हे ठरवायच्या खुणा त्याने एकेक दाखवल्या. दस्ता मुठीपाशी तडकला होता. तिथे अण्णांनी तांब्याची तार आवळली होती. घोडा अर्ध्यावर धरत होता, म्हणजे खटका शाबूत होता. नळीत उजेड सोडून त्याने आतला पृष्ठभाग दाखवला. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाते. त्यात आमच्याकडची खारी हवा. बुडाशी बारीक खळगे पडले होते, पण नळीला फुगवटा नव्हता आणि चीर नव्हती. बोंडी झिजली होती. ती बदलता येण्यासारखी होती. “हलका बार भरलात तर अजून काही वर्षं जाईल,” तो म्हणाला. मग बार उशिरा का निघाला? त्याने बारीक तार कानात घालून फिरवली आणि काळा, ओलसर गोळा बाहेर काढून कागदावर ठेवला. “कान तुंबलाय. भरतं कोण?”

आम्ही उत्तर दिले नाही. दारू भरण्यापूर्वी अण्णा नेहमी एक रिकामी केप फोडीत. नळीचे तोंड जमिनीजवळ धरायचे, पुढे गवताचे एक पाते असावे. केप फुटल्यावर पाते हलले तर कान मोकळा. लहानपणी ते हललेले पाते आधी कोण पाहतो, अशी आम्हां भावंडांची पैज लागे. अण्णांना आता एक्याऐंशी वर्षे झाली होती, आणि एका डोळ्यातल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. कातरवेळी गवताचे पाते हलले की नाही, हे त्यांना दिसत नव्हते. दिसत नाही हे कुणाला सांगायचे नाही, म्हणून ते हलले असे समजून ते दारू ओतीत होते.

आता बंदूक निवृत्त करायची, की माणूस? वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा वेळी दाखले सुचतात, आणि ते बरेचदा पळवाटा असतात. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला मिळालेली रिग्बी रायफल आम्हांला आठवली. तिच्या दस्त्यावर तशी चांदीची पट्टी आहे. ही रायफल पुढे त्याच्या प्रकाशकाकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, गेली आणि २०१५ साली ती घडवणाऱ्या रिग्बी कंपनीकडे परतली. शस्त्राला इतकी सभ्य निवृत्ती क्वचितच मिळते. पण रायफल प्रकाशकाकडे जाण्याच्या पुष्कळ आधीच कॉर्बेटने हातात चलच्चित्रांचा कॅमेरा घेतला होता. हत्यारापूर्वी माणूस वळला होता. आमच्या अण्णांना वळायला दुसरी वाट नव्हती. त्यांच्यापाशी मांगर होता आणि रात्र होती.

नव्या बंदुकीचा विचार मात्र सोपा होता, म्हणून आम्ही त्यात रमलो. .३१५ ची देशी रायफल घ्यावी, असे एकाने सुचवले. लष्कराच्या .३०३ ची काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत, या ब्रिटिश धोरणातून हिंदुस्थानात रुजलेला हा बोअर. पण रायफलीची गोळी दोन-दोन किलोमीटर जाऊ शकते आणि आमच्या दरीत प्रत्येक मळ्यामागे एखादे घर आहे. छर्ऱ्यांचा जोर त्या मानाने लवकर सरतो. तेव्हा बारा बोअरची दुनळी, आणि परवान्याचा अर्ज गावी राहणाऱ्या धाकट्या बंधूंच्या नावे, असे ठरले. ठरले ते अण्णांच्या अपरोक्ष.

घरी आल्यावर आम्ही सांगितले, “अण्णा, कारागीर म्हणाला, नळी आतून खाल्ली गेली आहे. आता वापरू नये.” अण्णांनी बंदूक मांडीवर घेतली, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बुडाशी कानावर ओठ लावले आणि फुंकर मारली. मग अंगठा उचलून पुन्हा फुंकली. वारा मोकळा गेला. “कान त्याने साफ केलान,” ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नळीला काही झालेलं नाही. तू मात्र कारण चांगलं शोधलंस.”

संहितेतल्या अनुच्चारिताविषयी आम्ही पुष्कळ लिहिले आहे. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला आमचे अनुच्चारित एका फुंकरीत कळले आणि आम्हांला मान वर करवेना.

परवाना परत करण्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे करायचा होता. मसुदा आम्हीच केला: ‘सदर शस्त्र जीर्ण व वापरास अयोग्य झाल्याने ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून परवाना परत करीत आहे.’ अण्णांनी भिंग मागवले आणि कागद खिडकीशी नेला. पहिल्या तीन शब्दांवर त्यांनी सावकाश रेघ मारली. वर थरथरत्या, पण वळणदार अक्षरात लिहिले, ‘शस्त्र सुस्थितीत असून परवानाधारक वृद्ध’. पुढचे ‘व वापरास अयोग्य झाल्याने’ हे शब्द त्यांनी तसेच ठेवले, आणि कागद आमच्या हाती दिला.

आम्ही विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणारे. वाक्य दुरुस्त करायला हात शिवशिवला. मग आम्ही तो अर्ज तसाच स्वच्छ लिहून काढला आणि त्यांनी त्यावर सही केली.