गोठलेली माती

हात लावल्याखेरीज मातीची ओळख पटत नाही, असे आम्हां आर्णीकरांचे मत आहे. अरुणावतीच्या काठची आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेत काठी घातली तर हातभर आत जाते. तिच्यावरच्या भिंतीला तडा जायचाच. आम्ही तो दिवाळीपूर्वी लिंपतो आणि वरून चुना फासतो.

संग्रहालयांचे मत मात्र पूर्वी उलट असे. नागपूरच्या अजबबंगल्यात मी लहानपणी हात पाठीशी बांधून हिंडलो. पुढे 1992 साली त्याच नागपुरात रमण विज्ञान केंद्र झाले. तिथे ‘फिरवून पाहा, ओढून पाहा’ असे आर्जव पाहिले, तेव्हा जग थोडे तरी सुधारले याची मला खात्री पटली!

माझी भाची अमेरिकेत पोर्टलंडला असते. 2017 साली तिथल्या विज्ञान-संग्रहालयात पर्माफ्रॉस्टचे, म्हणजे वर्षानुवर्षे गोठून राहिलेल्या जमिनीचे, प्रदर्शन भरले होते. अलास्कात फेअरबँक्सजवळ अशा जमिनीत खणलेला एक बोगदा आहे. त्याचा नुसता देखावा नव्हे, वाससुद्धा तिथे उभा केला होता. ‘मामा, अगदी कुबट वास!’ ती फोनवर म्हणाली.

हे ऐकून नातवाला चैन पडेना. किल्ल्यासाठी आणलेली माती त्याने पाण्यात कालवून डब्यात भरली, वर काड्यापेटीचे घर रोवले आणि डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. सकाळी माती दगडासारखी वाजत होती. दुपारी ओट्यावर ऊन आले, माती पाझरली आणि घर एका अंगाला कलले.

“आबाजी, आपलं घर पण असंच वाकडं होईन का?”

मी त्याला याकुत्स्कची गोष्ट सांगितली. सायबेरियातल्या त्या गावी शेर्गिन नावाच्या गृहस्थाने 1828 साली विहीर खणायला घेतली. नऊ वर्षांत 116 मीटर खणून झाले, तरी तळाशी गोठलेली मातीच! पाणी लागले नाही. पण पुढे शास्त्रज्ञांनी त्या विहिरीत जमिनीचे तापमान मोजले. घराच्या उबेने जमीन वितळू नये म्हणून तिथे इमारती खांबांवर उचलून बांधतात.

अशा जमिनीत हजारो वर्षांपूर्वीची मुळे-पाने न कुजता पडून आहेत. आज हवेत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट तिथे पुरलेला आहे. जमीन वितळली की सूक्ष्मजंतू त्या शिळ्या अन्नावर तुटून पडतात. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सुटतात, हवा आणखी तापते, आणि आणखी जमीन वितळते.

“आपल्या भिंतीचा तडा लिंपता येतो,” मी म्हटले, “तिथला लिंपायला गवंडी नाही. आणि वावराला धुरा असतो, हवेला नसतो. तिकडे सुटलेला वायू आपल्या पऱ्हाटीवरच्या आभाळातही येतो.”

तो बराच वेळ गप्प होता. आता अंगणात किल्ला उभा आहे. पायथ्याशी त्याने ते कललेले घर मुद्दाम ठेवले आहे. फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला तो त्याची हकीकत सांगतो, आणि वर बजावतो, “हात लावून पाहा!”