मीच आडवी आले

नात सव्वा वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. 'काही मुलं उशिराच बोलतात,' असं मीच सगळ्यांना सांगत होते. एके दुपारी माझ्या हातून परात दाणकन पडली, शेजारीण धावत आली, अन् ही जवळच भातुकली खेळत होती, तिनं मानही वर केली नाही. माझ्या पोटात धस्स झालं. बेरा तपासणीत कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही.

लगेच श्रवणयंत्रं बसवली. कॉक्लिअर इम्प्लांटची बोलणी सुरू झाली. डॉक्टरांनी जनुकीय तपासणीही सुचवली, तेव्हा मी आडवी आले. "कारण कळलं म्हणून का कान बरे होणार आहेत? कशाला पैसे घालवायचे?"

पैशाचं निमित्त होतं. सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. 'घरातली पोर घरात आली' असं मिरवत मीच तिला नोएडाला आणली होती. "नात्यातलं लग्न का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मुलगा माझ्याकडे न पाहता "हो" म्हणाला. ते न पाहणंच मला लागलं.

रात्री सून म्हणाली, "आत्या, मला कुणाला बोल लावायचा नाही. दिवस असताना मी सर्दीची गोळी घेतली होती. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. एकदा कळू दे."

पोरीनं स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं, अन् मी माझी अब्रू सांभाळत बसले होते!

मग मीही त्यांच्याबरोबर निघाले. हौज खासला मेट्रो बदलून एम्स गाठलं. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. जीजेबी२ नावाच्या जनुकातला दोष आपल्याकडे बऱ्याच कर्णबधिर मुलांत सापडतो. आई आणि वडील, दोघांकडूनही तो आला तरच मुलाला ऐकू येत नाही. त्या दोघांचे कान मात्र चांगले असतात. नात्यातल्या लग्नात हा योग वाढतो, पण परक्यांच्या लग्नातही येतो. काही प्रकारच्या बहिरेपणात पुढे डोळे किंवा हृदयही बिघडतं, म्हणून वेळीच कळलेलं बरं. कधी कधी तपासणीत काहीच सापडत नाही, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

काही आठवड्यांनी अहवाल आला. जीजेबी२च. दोष दोघांकडूनही आलेला. डोळ्यांना, हृदयाला त्यापासून धोका नाही. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात मात्र चारांत एक शक्यता.

"म्हणजे गोळीनं नाही ना?" सुनेनं तीनदा विचारलं.

घरी येऊन मी साताऱ्याला भावाला फोन लावला. त्याच्या धाकटीसाठीही नात्यातलंच स्थळ चाललं होतं, मीच सुचवलेलं. म्हटलं, "आधी दोघांची तपासणी करू या."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.