डावखुरी मूठ

मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात पिस्तुलावर लिहावे, हे आमच्या गावात काहींना अजूनही रुचणार नाही. 'सर पोरींच्या हातात बंदुका देतात' असे एका गृहस्थांनी बाजारात चारचौघांत म्हटले होते. त्यांचा राग मला समजू शकतो. पण ज्या वस्तूबद्दल मी लिहिणार आहे तिच्यातून बाहेर पडतो तो साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, आणि तोही दाबलेल्या हवेच्या जोराने. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या आणि या मापाच्या हवाई पिस्तुलाला आपल्याकडे परवानाही लागत नाही. असो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले. त्याच्या काही दिवस आधी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य जिंकले होते. आमचा निपाणीचा भाग कर्नाटकात असला, तरी दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि अंबाबाई या तिन्हींसाठी आम्ही कोल्हापूरलाच जातो. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले, तेव्हाही आमच्याकडे पेढे वाटले गेले होते. पण या वेळी नववीतली एक मुलगी थेट माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, मला पिस्तूल शिकायचंय." तिचे वडील सुतार. दारे-खिडक्या, देव्हारे, शाळेचे मोडलेले बाक, सगळे त्यांच्याकडेच.

मुलगी आठवड्यातून दोनदा एस.टी.ने कोल्हापूरच्या एका क्लबात जाऊ लागली. सहा महिन्यांनी वडिलांनी एका निवृत्त नेमबाजाचे ऑस्ट्रियन बनावटीचे जुने पिस्तूल घेतले. नव्याची किंमत ऐकून ते दोन दिवस बोलले नव्हते. जुन्यासाठीही त्यांना रंधायंत्राकरिता साठवलेले पैसे मोडावे लागले. पिस्तूल उत्तम होते, पण त्याची अक्रोडी मूठ उजव्या हाताची होती आणि मुलगी डावखुरी. लहानपणी आजीने तिचा डावा हात ताटावरून कितीदा बाजूला केला, तरी तो हात बधला नव्हता.

नेमबाजीत मुठीचे एवढे काय महत्त्व, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. मी मूळचा गणिताचा, म्हणून फळ्यावर मांडून पाहिले. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत अंतर साधारण ३३० मिलिमीटर. लक्ष्य १० मीटरवर. हात सगळाच्या सगळा ५ मिलिमीटर सरकला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो. पण मनगट वळून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने लक्ष्यावर चूक होते ३० मिलिमीटरची! दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. छर्र्याची कड वर्तुळाला शिवली तरी गुण मिळतो, हे धरले तरी माशीला पाव मिलिमीटरच्या पलीकडे हलायची मुभा नाही. म्हणून हाताच्या थरथरण्याला नेमबाज फारसा भीत नाही, तो भितो मनगट वळण्याला. आणि मनगट वळते ते मूठ हातात नीट न बसल्यामुळे. दहावीच्या वर्गात समरूपता शिकवताना आता मी हेच उदाहरण देतो. मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

डाव्या हाताची तयार मूठ परदेशातून मागवता येते. क्लबातल्यांनी तिची किंमत आणि लागणारे महिने सांगितले. सुतारमामांनी जुनी मूठ खोलून पाहिली. खालच्या एका स्क्रूवर ती बसलेली असते. उलटीपालटी केली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "सर, ही लाकडाचीच हाय न्हवं? मग मागवायची कशाला?"

त्यांनी शिसमाचा ठोकळा घेतला. मुलीच्या पंजाची आकृती वहीच्या कागदावर काढली, अंगठ्याच्या मुळापासून प्रत्येक बोटाच्या पेरापर्यंत मापे लिहिली, तीही मराठी आकड्यांत आणि कानडी शब्दांत, कारण ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते उस्ताद कानडी होते. मग पटाशी आणि कानस. मुलीच्या तळव्याला गेरू लावायचा, मूठ धरायला लावायची, जिथे लाल डाग गडद उमटेल तिथे कानस फिरवायची. जिथे डागच नाही तिथे पोकळी, तिथे एम-सीलचा थर. पुन्हा गेरू, पुन्हा कानस. मुलीने डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडल्यावर माशी आपोआप खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे, ही परीक्षा. पहिल्या मुठीत माशी डावीकडे जायची. दुसरी मूठ स्क्रूजवळ चिरली. तिसऱ्या वेळी पोर म्हणाली, "आप्पा, आता काय धरल्यासारखं वाटतच न्हाई." एवढी दाद त्यांना पुरली.

खरा पेच पुढे आला. खेळाची नियमावली इंग्रजीत, ती मी संध्याकाळी बसून त्यांना मराठीत समजावून सांगत होतो. पिस्तूल सगळ्या साहित्यासह ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. वजन दीड किलोपेक्षा जास्त नको. मनगट उघडे, मोकळे दिसले पाहिजे, त्या हातात घड्याळ किंवा बांगडीही नको. मुठीचा कुठलाही भाग पंजाच्या पलीकडे टेकता कामा नये. तळहाताची कड जिथे टेकते ती फळी मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोन करणारी नको आणि वर वळलेली तर मुळीच नको. सुतारमामांनी मुलीला आराम वाटावा म्हणून नेमकी तीच फळी द्रोणासारखी वर वळवली होती. मी पुठ्ठ्याची पेटी मापाने करून आणली, तर अंगठ्याचा कट्टा ५० ऐवजी ५२ भरला. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "लाकडाला कायदा कळत न्हाई सर. हाताला जे बरं वाटतंय ते चुकीचं कसं?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी चांगले उत्तर होते असे नाही. मला अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याची आठवण झाली. तो टेक्सासमध्ये असतो आणि सुटीच्या दिवशी पळत पळत नेम मारण्याच्या स्पर्धेत उतरतो. १९७६ साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याचे पिस्तूल ग्लॉक, तेही ऑस्ट्रियाचेच, पण सांगाडा प्लास्टिकचा. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणाऱ्या गास्टन ग्लॉक या इंजिनिअरने बंदुकीचा काही अनुभव नसताना ते रचले आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारले. ते ९ मिलिमीटरचे, आपल्याकडे सामान्य माणसाला निषिद्ध. पुतण्या सांगत होता, "काका, प्लास्टिकची मूठ घामाने निसटते म्हणून लोक डाग देतात तशी तापलेली सळई टोचून ती खरबरीत करतात, कोणी नुसती खरबरीत चिकटपट्टी लावतात, माशी बदलतात. पण कोणत्या गटात काय चालेल याचं बाड हे एवढं जाड." तिथे प्लास्टिकला डाग, इथे शिसमाला कानस, आणि दोन्हीकडे शेवटी नियमावली. पिस्तूल सगळ्यांना सारखे मिळत नाही, हातही सारखे नसतात, तेव्हा निदान पेटी तरी सारखी असावी, असे काहीसे मी मामांना सांगितले. त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. त्यांनी कट्ट्याचे दोन मिलिमीटर घासले आणि फळी सपाट केली. मुलीचा सराव आठ दिवस मागे गेला.

चापाचे वजन निदान ५०० ग्रॅम असावे लागते. पिस्तुलाचे तोंड वर करून चापाला वजन अडकवतात. चाप न सुटता ते उचलले गेले तर पास, सुटला तर दुरुस्त करून पुन्हा या. आम्ही वाण्याच्या दुकानातले अर्ध्या किलोचे वजन आणले, पिस्तुलात छर्रा नाही हे तिघांनी तीनदा पाहिले आणि दोऱ्याने तपासले. चाप धरत होता, पण अगदी जेमतेम. क्लबातल्या प्रशिक्षकांनी स्क्रू फिरवून दहा ग्रॅम वाढवून दिले. यंत्राचा भरवसा किती धरावा? टोकियोत २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलाची तरफ ऐन फेरीत मोडली, दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटे गेली आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. मुलगी ही गोष्ट रोज कुणाला तरी सांगायची. तिच्या भीतीचे ते रूप होते.

सराव महाराष्ट्रात आणि शाळा कर्नाटकात, म्हणून नाव कर्नाटकाकडून घातले. त्यावरही गावात कुजबुज झालीच. तपासणीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने पिस्तूल पेटीत सरकवले, ते अडकले नाही. मग मूठ बोटांनी चाचपून त्याने कानडीत विचारले, "ही कुठल्या कंपनीची?" आप्पा कानडीतच म्हणाले, "घरची." तो हसला आणि त्याने पिस्तुलाला पासाचा कागद चिकटवला. साठ छर्रे, सव्वा तास. तिचे ५३८ झाले, सहाशेपैकी. पदकापासून खूप लांब. पण शेवटच्या दहांत ९४ होते, आणि परतीच्या गाडीत ती तेवढेच बोलत राहिली.

गेल्या महिन्यात क्लबातल्या एका डावखुऱ्या मुलाने आपला पंजा कागदावर काढून आमच्या पत्त्यावर पाठवला. मी तो मामांकडे नेला. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, अंगठ्याच्या मुळाशी नखाने खूण केली आणि म्हणाले, "ह्याचा हात घामतो का, तेवढं फोन करून विचारा सर. मग लाकूड ठरवू."